पडद्यावरचे कापड आणि हातातले कापड : वेबकॅमची परीक्षा कशी घ्यावी?

कापडाच्या धंद्यात पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येत असे. थान उलगडून कापड बोटांनी चाचपत असे, दाराशी नेऊन उजेडात रंग पाहत असे आणि मग सौदा करत असे. आज भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीचा माल घेणारा व्यापारी चेन्नईत, कोझिकोडला किंवा दुबईत बसलेला असतो आणि व्हिडिओ कॉलवर म्हणतो, "जरा तो तुकडा कॅमेऱ्याजवळ धरा." मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून ही पद्धत जी पडली ती कायमची झाली. दलालाची वाट न पाहता लहान कारागीरही आता आपला माल थेट दाखवू शकतो. ही मोठी सोय आहे. परंतु या सोयीबरोबर एक नुकसानही आले आहे. पडद्यावर दिसलेला रंग आणि गाठोड्यातून निघालेला रंग जुळत नाही, आणि माल परत येतो.

आमच्या बाजारात घडलेला एक प्रकार सांगण्यासारखा आहे. रमजानपूर्वीच्या गर्दीत एका व्यापाऱ्याने दक्षिणेतील गिऱ्हाइकाला पिवळ्या बल्बखाली गडद हिरव्या ओढण्यांचा माल दाखवला. पडद्यावर तो मेंदीच्या रंगाकडे झुकलेला दिसला. गिऱ्हाइकाला तोच रंग आवडला. माल पोहोचला तेव्हा तो बाटलीसारखा हिरवा निघाला. व्यापाऱ्याने फसवले नव्हते आणि गिऱ्हाईकही खोटे बोलत नव्हते. तरी जाण्या-येण्याचे भाडे गेले, हंगाम गेला आणि जुना संबंधही तुटला. हिशेब करून पाहा. समजा, ९० रुपये मीटरचे ५०० मीटर कापड आहे. माल झाला ४५,००० रुपयांचा. त्यावर नफा ५ टक्के धरला तर २,२५० रुपये. एकदा माल परत आला की दोन्हीकडचे भाडे आणि हमाली यात हा नफा संपतो, आणि हंगाम उलटल्यावर तोच माल भाव पाडून विकावा लागतो.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही वेबकॅमची परीक्षा कशी घ्यावी आणि त्याचे चित्र कसे सुधारावे, हे क्रमाने सांगणार आहोत. यासाठी महाग सामान लागत नाही. लागतो तो एक तास, एक वही आणि थोडी चिकाटी.

कॅमेरा काय करतो, हे आधी समजून घ्या

वेबकॅमचा इतिहास फार जुना नाही. १९९१ साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणक विभागातील लोकांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा रोखला. भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. १९९४ साली कनेक्टिक्स या कंपनीने क्विककॅम नावाचा कॅमेरा बाजारात आणला. त्याचे चित्र काळे-पांढरे आणि ३२० बाय २४० ठिपक्यांचे होते. आजचा साधा वेबकॅम १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपक्यांचे रंगीत चित्र देतो. त्याहून चांगला १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचे देतो.

ठिपके वाढले म्हणजे कापड नीट दिसेलच, असे मात्र नाही. साधे गणित मांडू. आपण ४४ इंच पन्ह्याचे कापड पूर्ण चौकटीत धरले आणि कॅमेरा १२८० ठिपक्यांचा असला, तर एका इंचाला सुमारे २९ ठिपके मिळतात. कापडात इंचाला ६० धागे असतील तर एका धाग्याच्या वाट्याला अर्धा ठिपकाही येत नाही. मग वीण दिसणार कशी? तेच कापड जवळ आणून चौकटीत फक्त ६ इंच भाग ठेवला, तर इंचाला २१३ ठिपके मिळतात, म्हणजे एका धाग्याला साडेतीन. आता ताणा-बाणा वेगळा दिसू लागतो. नियम असा की, वीण दाखवायची असेल तर एका धाग्याला किमान दोन ठिपके मिळाले पाहिजेत. पूर्ण पन्हा आणि वीण या दोन गोष्टी एकाच चौकटीत दाखवण्याचा हट्ट धरू नये. आधी लांबून पूर्ण डिझाइन दाखवावे, मग जवळून वीण.

दुसरी गोष्ट रंगाची. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र दाबून लहान केले जाते, नाहीतर ते नेटवरून जाणारच नाही. हे करताना उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात, परंतु रंगाची माहिती साधारणपणे चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतात. चेहरा दाखवायला एवढे पुरते. पण हिरव्यावर लाल बारीक रेघ असलेले कापड असेल तर ती रेघ मळकट दिसते. हा दोष कॅमेऱ्याचाही नाही आणि कापडाचाही नाही. अशा मालाचा जवळचा फोटो वेगळा पाठवणे, हाच त्यावर उपाय आहे.

परीक्षेचे सामान

पुढील वस्तू एका पिशवीत कायम ठेवाव्यात :

१. कोरा पांढरा कागद. तो फार चमकणारा नसावा.
२. राखाडी रंगाचा कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा.
३. वर्तमानपत्राचे एक पान.
४. आपल्याच मालातील सहा तुकडे : लाल, हिरवा, निळा, पिवळा, पांढरी मलमल आणि बुरख्याचा काळा निदा.
५. बारीक चौकड्याची लुंगी किंवा शर्टिंग.
६. मोजपट्टी आणि वही.

यांखेरीज दुसरा एक फोन किंवा संगणक हवा. ही सर्वांत महत्त्वाची अट आहे. पुष्कळ लोक आपल्याच पडद्यावरच्या छोट्या चौकटीत स्वतःला पाहून समाधान मानतात. ती चौकट म्हणजे नेटवर जाण्यापूर्वीचे चित्र. गिऱ्हाइकाला दिसते ते दाबलेले आणि वाटेत झिजलेले चित्र. म्हणून दुसऱ्या फोनवरून त्याच कॉलमध्ये सामील व्हावे आणि पलीकडून काय दिसते ते पाहावे. तो फोन दुकानाच्या वायफायवर ठेवू नये, मोबाइल डेटावर ठेवावा, म्हणजे परीक्षा खरी होते. प्रत्येक वेळी पलीकडच्या पडद्याचा फोटो म्हणजे स्क्रीनशॉट घ्यावा आणि वहीत नोंद करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दिवा, जागा आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलले, तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

परीक्षा पहिली : स्पष्टता

आधी भिंग पुसून घ्यावे. कापडाच्या दुकानात सुताची धूळ आणि बोटांची चिकटण भिंगावर नेहमीच असते. धुतलेली मऊ मलमल किंवा चष्म्याचे कापड वापरावे. खळीचे कोरे कापड वापरू नये, त्याने भिंगावर ओरखडे पडतात.

आता वर्तमानपत्राचे पान कॅमेऱ्यापासून ३०, ४५, ६० आणि ९० सेंटिमीटर अंतरावर धरावे आणि कोणत्या अंतरावर बातमीची बारीक अक्षरे वाचता येतात ते लिहावे. लॅपटॉपमधील बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बसवलेला असतो. तो माणूस बसतो त्या अंतरासाठी असतो. त्यामुळे तुकडा अगदी जवळ नेला की तो धूसर होतो. आपल्या कॅमेऱ्याचे योग्य अंतर कळले की टेबलावर खडूने खूण करावी आणि तुकडा तिथेच धरावा. फोकस आपोआप साधणारा कॅमेरा असेल तर तुकडा धरून दोन-तीन सेकंद थांबावे. हलवत राहिल्यास फोकस भटकत राहतो.

परीक्षा दुसरी : उजेड

चित्र सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय उजेड हाच आहे. उजेड कमी पडला की कॅमेरा चित्र जबरदस्तीने उजळवतो. त्यामुळे कापडावर वाळू पसरल्यासारखे दाणे दिसतात. शिवाय प्रत्येक चित्र जास्त वेळ घेऊन टिपले जाते, म्हणून सेकंदाला ३० ऐवजी १५ चित्रेच जातात आणि हालचाल अडखळत दिसते.

उघड्या शटरकडे किंवा खिडकीकडे पाठ करून बसू नये. मागचा उजेड पाहून कॅमेरा पुढचे सर्व काळे करतो. तोंड खिडकीकडे असावे. दिवा लावायचा तर तो समोरून, थोडा वर आणि थोडा बाजूला असावा. साटीन आणि रेशमाचा माल चमकतो, तेव्हा दिव्यापुढे पांढरा पातळ कागद किंवा मलमल धरून उजेड मऊ करावा. दिवा तापणारा असेल तर कापड अंतर राखून धरावे. याउलट वीण, गाठी, तुटलेला धागा किंवा नक्षीचा उठाव दाखवायचा असेल तर उजेड अगदी बाजूने तिरका टाकावा. पैठणीचा पदर किंवा हिमरूची बुट्टी अशा तिरक्या उजेडात उठून दिसते.

दोन प्रकारचे उजेड एकत्र करू नयेत. एका बाजूने खिडकी आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असला, तर एकाच थानाचे दोन रंग दिसतात. उजेडाचा रंग केल्विन या मापात मोजतात. पिवळा बल्ब सुमारे २७०० आणि दुपारचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विनचा असतो. एलईडी घेताना खोक्यावर आणखी एक आकडा पाहावा, तो सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात, याचे हे माप १०० पर्यंत असते. साधे दिवे ८० च्या आसपास असतात. कापड दाखवण्यासाठी ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा दिवा घ्यावा. किंमत थोडी जास्त पडते, पण एका परतीच्या भाड्यापेक्षा कमीच.

चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसत असतील तर घाबरू नये. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ असेल तर ते ५० करावे.

परीक्षा तिसरी : पांढरे आणि काळे

पांढरी मलमल चौकटभर धरा. पलीकडे ती राखाडी दिसेल. मग काळा निदा चौकटभर धरा, तोही राखाडीकडे झुकेल. याचे कारण असे की, समोरचे सर्व मध्यम उजेडाचे असावे असे कॅमेरा गृहीत धरतो आणि पांढऱ्याला दाबतो, काळ्याला उजळवतो. उपाय सोपा आहे. चौकट एकाच कापडाने भरू नये. मागे राखाडी तुकडा असावा आणि कापड अर्धी चौकट व्यापेल इतकेच धरावे. ज्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर हाताने बदलता येते, तिथे राखाडी तुकड्यावर ते ठरवून आपोआप बदलणे बंद करावे. काळ्या कापडाच्या घड्या आणि पांढऱ्या कापडाची वीण दोन्ही दिसू लागल्या, की ही परीक्षा पास झाली.

पांढऱ्या मालाबाबत एक सूचना आहे. पुष्कळ पांढऱ्या कापडांना निळसर झाक देणारे चमकद्रव्य लावलेले असते. ते सूर्याच्या उजेडातील अदृश्य किरणांनी उजळते. साध्या एलईडीमध्ये ते किरण फारसे नसतात. म्हणून तेच कापड अंगणात शुभ्र आणि दुकानात जरा फिके दिसते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवावे.

परीक्षा चौथी : रंग

पांढरा कागद समोर धरा. तो पिवळा किंवा निळा दिसतो काय? दिसत असेल तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स चुकला आहे. हे काम कॅमेरा आपोआप करतो, पण तो अंदाजाने करतो. लाल थानाने चौकट भरली की त्याला वाटते उजेडच लाल आहे, आणि तो लाली कमी करतो. मग लाल फिका पडतो आणि बाजूचा पांढरा कागद निळसर-हिरवा दिसू लागतो. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पांढरा कागद किंवा राखाडी तुकडा चौकटीच्या कोपऱ्यात कायम ठेवावा, आणि शक्य असेल तर कागद पांढरा दिसेपर्यंत व्हाइट बॅलन्स हाताने बसवून कुलूपबंद करावा. विंडोज ११ मध्ये सेटिंगमधील कॅमेऱ्याच्या पानावर काही नियंत्रणे मिळतात. बाहेरून जोडायच्या कॅमेऱ्याबरोबर कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअरही मिळते.

आता सहा तुकडे एकेक करून दाखवा आणि पलीकडच्या पडद्याशेजारी तोच तुकडा धरून तुलना करा. ज्या रंगात फरक पडतो तो वहीत लिहा. तो रंग दाखवताना गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे की, प्रत्यक्षात हा थोडा गडद आहे किंवा थोडा निळसर आहे.

कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी आणि अंधार उजळवणारी बटणे असतात. माल दाखवताना ती सर्व बंद करावीत. पाठीमागचे दृश्य धूसर करणारी किंवा बदलणारी सोयही बंद करावी, कारण ती कापडाच्या कडा खाऊन टाकते आणि हातातला तुकडा मध्येच गायब करते.

परीक्षा पाचवी : चौकडा आणि हालचाल

बारीक चौकड्याची लुंगी धरली की पुष्कळदा तिच्यावर लाटा किंवा इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. कापडाच्या रेघा आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत अडकल्याने हे होते. गिऱ्हाइकाला वाटते की छपाईत दोष आहे. कापड थोडे पुढे-मागे किंवा तिरके धरल्यास लाटा जातात.

नंतर कापड हळूहळू झुलवून पाहा. हलत्या कापडाचे चित्र दाबताना बारकावे सर्वात आधी जातात. म्हणून कापडाची पडण दाखवायला एकदा सावकाश झुलवावे, आणि वीण दाखवायला तुकडा टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर लावून स्थिर ठेवावा. हातात धरलेला तुकडा थरथरतोच.

परीक्षा सहावी : नेट

इंटरनेटचा वेग तपासताना लोक फक्त डाउनलोडचा मोठा आकडा पाहतात. आपला माल दाखवायला अपलोडचा वेग लागतो. ७२० च्या चित्रासाठी साधारण दीड मेगाबिट आणि १०८० साठी तीन ते चार मेगाबिट अपलोड सतत मिळाले पाहिजे. ते आपल्या दुकानात दिवसाच्या कोणत्या वेळी मिळते, हे दोन-तीन दिवस तपासून लिहावे आणि त्याच वेळेस गिऱ्हाइकाला कॉल द्यावा. शक्य असल्यास संगणक तारेने जोडावा. वायफायच असेल तर राउटर जवळ असावा, आणि त्या वेळी घरातील इतरांनी त्याच नेटवर सिनेमा पाहू नये. झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये एचडीची खूण असते आणि गूगल मीटमध्ये पाठवण्याच्या चित्राचा दर्जा निवडता येतो. त्या एकदा पाहून ठेवाव्यात.

नवा कॅमेरा घ्यावा काय?

वरील सर्व परीक्षा केल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे आमचे मत आहे. उजेड सुधारला की पुष्कळदा जुनाच कॅमेरा पुरेसा ठरतो. त्यानंतरही चित्र समाधानकारक नसेल तर आधी खिशातला फोन पाहावा. बहुतेक फोनचा मागचा कॅमेरा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा बराच चांगला असतो. फोन स्टँडवर लावून कॉल सरळ फोनवरूनच करता येतो. आयफोन आणि मॅक संगणक असल्यास २०२२ पासून फोन वेबकॅम म्हणून वापरता येतो, आणि अँड्रॉइड १४ नंतरच्या काही फोनमध्येही तारेने जोडून ही सोय मिळते. स्टँड असा असावा की फोन टेबलावर सरळ खाली पाहील. मग दोन्ही हात थान उलगडायला मोकळे राहतात.

कॅमेऱ्याची मर्यादा

हे सर्व करूनही एक गोष्ट कोणताच कॅमेरा करू शकत नाही. दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळतात आणि ट्यूबखाली वेगळी दिसतात. म्हणूनच रंगाच्या प्रयोगशाळेत निरनिराळ्या दिव्यांची पेटी ठेवून तुकडा प्रत्येक दिव्याखाली तपासतात. त्यातच गिऱ्हाइकाच्या फोनवर रात्रीचा पिवळा पडदा चालू असेल तर आपली सर्व मेहनत वाया जाते. कॉलच्या आधी त्याला तो बंद करायला आणि पडद्याचा उजेड वाढवायला सांगावे.

यावरून आम्ही असा नियम सुचवतो. व्हिडिओ कॉल हा पसंतीसाठी वापरावा, शेडच्या मंजुरीसाठी नव्हे. कॉलवर डिझाइन, पडण, काठ आणि अंदाजे रंग ठरवावा. त्याच दिवशी वीण आणि रंगाचे फोटो पाठवावेत. व्हॉट्सॲपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर दाबले जात नाहीत. मोठा सौदा असेल तर त्याच लॉटमधील तुकडा कुरिअरने पाठवावा, त्याचा जोडीदार तुकडा तारीख आणि लॉट नंबर टाकून आपल्याकडे जपावा आणि गिऱ्हाइकाचा लेखी होकार आल्यावरच माल बांधावा. उद्या तक्रार आली तर तोच तुकडा साक्षीदार ठरतो.

शेवटी एक गोष्ट. चित्र सुधारणे म्हणजे माल आहे त्यापेक्षा सुंदर दाखवणे नव्हे. ज्या हाताने दिवा फिरवून नक्षी उठून दाखवता येते, त्याच हाताने डाग आणि तुटलेला धागा लपवताही येतो. मालातला ऐब सौद्यापूर्वी दाखवावा, हा बाजाराचा जुना नियम कॅमेऱ्यामुळे रद्द झालेला नाही. दुकानात आलेले गिऱ्हाईक ऐब स्वतः शोधत असे. पडद्यापलीकडचे गिऱ्हाईक शोधू शकत नाही, ते आपल्या शब्दावर आणि आपण दाखवलेल्या चित्रावर विसंबून असते. म्हणून दोष असलेला भाग आपणहून कॅमेऱ्यासमोर धरावा आणि त्याप्रमाणे भाव सांगावा. असे केल्याने एखादा सौदा जाईल, पण जो सौदा होईल तो परत येणार नाही.

येत्या सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असताना वरील सहा परीक्षा करून पाहाव्यात, वहीतल्या नोंदी टेबलाशेजारी भिंतीवर चिकटवाव्यात आणि दुकानातील मुलांनाही त्या शिकवाव्यात. दर तीन महिन्यांनी, तसेच दिवा, फोन किंवा जागा बदलल्यास, परीक्षा पुन्हा घ्यावी. आपण मीटरपट्टी आणि तराजू वेळोवेळी तपासून घेतो. कॅमेरा हेही आता आपल्या धंद्यातले एक मापच आहे.